दोन सह्या

नियम मीच लिहिला होता,
उद्यमनगरात, फाउंड्रीच्या हिशेबखोलीत,
भट्टी उतरल्यावर, नखांत काळी वाळू तशीच:
आपला बदल आपणच मंजूर करायचा नाही.
सोसायटीच्या चेकवर लागतात तशा
दोन सह्या.

तेव्हा तो धैर्यशीलसाठी होता.
धैर्यशील नेजदार, हुशार, मध्यरात्रीचा माणूस.
कुणाला न विचारता ओळी घुसवायचा
आणि सकाळी तीन गावांच्या दूध संस्थांत
फॅटचा असा आकडा यायचा
की म्हशीनंच मान फिरवावी.

आमचं सॉफ्टवेअर म्हणजे काय,
लिटर, फॅट, दर, दहा दिवसांचं बिल.
फुकट आहे. कुणीही उघडावं, वाचावं,
घरी न्यावं, बदल सुचवावा.
सुचवावा.
या एका शब्दावर यायला आम्हाला
दोन वर्षं लागली आणि एक भांडण.

भांडण झालं गंगावेशीत, दुधाच्या कट्ट्यावर,
रात्री साडेदहाला, हातात फेसाचे पेले.
इस्माईल म्हणाला, किल्ली काढून घ्या त्याची, विषय संपला.
तनुजा म्हणाली, आधी लिहा.
कशासाठी काढता, किती दिवस, परत कशी मिळते.
तोंडी न्याय आमच्या भावकीत बघितलाय मी.
एस्टोनियातला एकजण फोनवर होता,
आजवर कुणी बघितलेला नाही त्याला,
म्हैस हंबरली की विचारायचा,
हे कोण बोललं, यांचं मत कुणाच्या बाजूनं?

मला वाटलेलं, सुरू मी केलं,
माझं मत दोन धरतील.
एकच धरलं.

धैर्यशील गेला. जाताना सगळा कोड घेऊन गेला.
चोरी नव्हे, तो हक्क परवान्यातच आहे.
वेगळी चूल मांडली कागलला.
आमच्या चुका तो तिथं आमच्याआधी दुरुस्त करतो
आणि दुरुस्ती इकडे पाठवतो, मुकाट.
आम्हीही घेतो, मुकाट. खाली त्याचं नाव ठेवून.

आता परवाचं.
दिवाळीआधीचा फरक वाटायचा होता,
संस्थांचे फोनवर फोन.
रात्री दोनला मी एक ओळ बदलली.
अर्ध्या पैशाचं काय करायचं, एवढीच.
सगळे झोपलेले. माझी किल्ली जुनी,
तिला प्रत्येक कुलूप ओळखतं.
दुसरी सही मी ऑफिसच्या कॉम्प्युटरच्या नावानं केली.

सकाळी ती ओळ जागेवर नव्हती.
आफरीन मुजावर, हुपरीची,
चांदीच्या तराजूशेजारी वाढलेली,
आमच्यात येऊन चार महिने झालेली,
तिनं लिहिलेलं:
अर्धा पैसा दर वेळी खालीच जातोय.
दुसरी सही माणसाची नाही.
मागे घेत आहे. कलम चार.

खाली सर नाही, काका नाही, नमस्कारसुद्धा नाही.

अकरा हजार बिलं, प्रत्येकी अर्धा पैसा.
मी लगेच हिशेब केला: पंचावन्न रुपये.
तिनं केला नव्हता.
तिला गरज वाटली नव्हती.

उत्तर लिहायला घेतलं. हे सुरू झालं तेव्हा तू चौथीत...
खोडलं.
इतक्या घाईत काम करून बघ एकदा...
खोडलं.
ग्रुपवर नऊ जण जागे दिसत होते
आणि नवांपैकी एकही काही लिहीत नव्हता.
इस्माईलचं नाव दोनदा टाइप करू लागलं, थांबलं.

मग कलम सहा उघडलं, माझ्याच भाषेतलं:
असं करणाऱ्याची किल्ली तीस दिवस जमा.
नाव कुणाचंच लिहिलेलं नाही तिथं.
लिहिताना मला ते नाव दिसत होतं,
पण कागदावर नाही उतरलं,
तनुजानं उतरू दिलं नव्हतं.

माझी किल्ली काढण्याचा प्रस्ताव मीच मांडला.
त्यालाही दुसरी सही लागते.

दुपारी तीनला आफरीननं तो परत पाठवला.
शेरा: तारीख चुकली आहे,
तीस दिवस सोळापासून मोजा, सतरापासून नव्हे.
दुरुस्त करून द्या, मग बघते.

दुरुस्त केली. पाठवली.
भट्टीवरून पोरगं विचारून गेलं, रस ओतायचा का.
म्हटलं थांब,
एक सही यायची आहे.